टक्के छापण्याआधी काट्याची पावती

परतूरहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा इथे यॉर्कशरमध्ये नुकतं उजाडत होतं. त्याचा बाटलीबंद पाण्याचा लहानसा प्लांट आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयांना आणि एरवी सेलू-जालन्याकडच्या हॉटेलांना त्याचा माल जातो. "ताई, एक पत्र पाठवलंय, चालतंय का बग." पत्र प्रीफॉर्म पुरवणाऱ्याचं होतं. प्रीफॉर्म म्हणजे आटे पाडलेली जाड नळी. ती तापवून फुगवली की बाटली होते. लेटरहेडवर दोनच ओळी होत्या. आमच्या मालात ५० टक्के पुनर्चक्रित पेट आहे, आणि तो खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित आहे. पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. खाली सही, गोल शिक्का. सोबत भावाने नव्या लेबलचं चित्रही पाठवलं होतं. त्यावर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरात '५० टक्के रिसायकल्ड बाटली'. एका बड्या हॉटेलवाल्याला अगदी तसंच लेबल हवं होतं.

मी म्हटलं, हे छापू नकोस.

"कामून? शिक्का हाय की."

त्याच्या 'कामून'ला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. मी इथे अन्नाच्या ट्रे बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. असली पत्रं आणि त्यांमागचे कागद तपासण्यातच माझा अर्धा आठवडा जातो. त्यामुळे माझं 'नको' त्याला परदेशी शहाणपण वाटलं असणार. घरच्या ग्रुपवर विषय निघाला आणि दोन तट पडले. काका म्हणाले, भंगारातल्या बाटलीत प्यायचं पाणी भरता? त्याच्या बादल्या करा, पाइप करा. पुतणीचं म्हणणं, प्लास्टिक पुन्हा वापरलंच पाहिजे, लेबलवर ठळक छापा, लोकांना कळू द्या. त्या ५० टक्क्यांचं वजन कुणी, कुठे आणि कधी केलं, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

काकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे पाण्याची रिकामी बाटली टाकून देत नाहीत. तिच्यात फिनेल येतं, रॉकेल येतं, कपाशीवर फवारायचं औषधसुद्धा येतं, आणि मग कधीतरी ती भंगाराच्या गोणीत जाते. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी तयार खाद्यपदार्थांसाठी पुनर्चक्रित प्लास्टिक वापरायला बंदीच घातली होती. २०२१ च्या दुरुस्तीने दार किलकिलं झालं, तेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या म्हणजे एफएसएसएआयच्या अटींवर. आणि त्या अटी आल्या त्या पेटपुरत्या. चिवड्याच्या पाकिटावर कुणी 'पुनर्चक्रित प्लास्टिक' छापलं असेल, तर आधी ते कोणतं प्लास्टिक, हे विचारायला हवं.

फिनेलची बाटली ही इथल्या शास्त्रज्ञांचीही काळजी आहे. युरोपात पुनर्चक्रणाची प्रक्रिया मान्य करण्याआधी स्वच्छ पेटच्या चुऱ्यात मुद्दाम रसायनं मुरवतात. टोल्यूइन, बेंझोफेनोन, अगदी लिंडेनसारखं कीटकनाशकसुद्धा. मग तो चुरा प्रक्रियेतून काढतात आणि आत किती उरलं ते मोजतात. चुरा आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात. त्या पाण्यात झाकणाचं प्लास्टिक तरंगतं आणि पेट तळाला बसतं. पुढे निर्वात टाकीत तासन् तास तापवून उरलीसुरली रसायनं बाहेर ओढतात. हे नीट झालं तर त्या पेटमध्ये पाणी भरायला मी घाबरत नाही. माझ्या मुलांच्या डब्यातली द्राक्षं असल्याच ट्रेमधून येतात.

पण या चाचणीतून धुलाई सिद्ध होते, टक्के नाही. उलट, टक्के सिद्ध करणाऱ्या वजनाच्या वहीतून धुलाईबद्दल काहीच कळत नाही. माल पूर्ण सुरक्षित असू शकतो आणि त्यात पुनर्चक्रित कणही नसू शकतो. तसाच ५० टक्के खरोखर पुनर्चक्रित असून पिण्याच्या पाण्याला नालायकही असू शकतो. भावाच्या पत्राने हे दोन दावे एका वाक्यात बांधले होते आणि पुरावा एकाचाही जोडला नव्हता.

"मग लॅबमधी तपासून घेऊ की," तो म्हणाला. इथेच खरी मेख आहे. तयार बाटली हातात घेऊन तिच्यात किती टक्के जुना माल आहे, हे खात्रीने सांगणारी नेहमीची चाचणी नाही. रंगात किंचित पिवळसर झाक दिसते. कधी लिमोनीनचे, म्हणजे शीतपेयातल्या लिंबाच्या स्वादाचे अंश सापडतात. त्यावरून जुना माल आहे असा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. रेणू तोच असतो. त्यामुळे पुरावा मालात शोधून मिळत नाही, मालाच्या प्रवासात जपून ठेवावा लागतो.

हे जालना जिल्ह्यातल्या माणसाला मी समजावून सांगावं, याचंच मला नवल वाटतं. आपला जिल्हा बियाण्यांचा. मुठीत घेतलेल्या सोयाबीनवरून वाण ओळखता येत नाही, म्हणून तर पिशवीला टॅग आला. पैदासकार बियाण्याचा पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. त्या निळ्या टॅगमागे शेताची तपासणी असते, विलगीकरणाचं अंतर असतं, आदल्या पिढीच्या बियाण्याची पावती असते. 'सत्यप्रत' बियाण्यात कंपनी स्वतःच हमी देते, तरी त्या पिशवीवरसुद्धा लॉट नंबर, उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख लागते. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला जाताना पिशवी, टॅग आणि पावती घेऊनच जायचं, हे माझ्या निरक्षर आजीलाही ठाऊक होतं. भावाला आलेल्या पत्रात सत्यप्रत पिशवीवर असतं तेवढंही नव्हतं.

आता इथलं सांगते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून प्लास्टिक पॅकेजिंगवर कर आहे. ज्या पॅकेजिंगमध्ये पुनर्चक्रित प्लास्टिक ३० टक्क्यांहून कमी, त्यावर सुरुवातीला टनाला २०० पौंड होते. एप्रिल २०२५ मध्ये ते २२३.६९ झाले. कायद्याची खरी ताकद दरात नाही, पुराव्याचा भार कुणावर टाकला यात आहे. ३० टक्के आहेत असं तुम्ही दाखवायचं. दाखवता आलं नाही तर नाहीत असं धरून कर भरायचा, आणि कागद सहा वर्षं जपायचे. पहिल्याच वर्षी आम्हाला एका पुरवठादाराचं सुंदर, रंगीत प्रमाणपत्र आलं. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते त्यांच्या दुसऱ्याच कारखान्याचं आहे. आमचा माल जिथून आला तिथल्या नोंदी त्यांना देता येईनात. २० टन मालावर ४,००० पौंड भरावे लागले. कदाचित तो माल खरोखरच पुनर्चक्रित असेल. त्याचा उपयोग नव्हता.

म्हणून इकडे सगळं आलबेल आहे असं नाही. कर सुरू झाला तेव्हा त्रयस्थ तपासणीचं प्रमाणपत्र सक्तीचं नव्हतं. देशोदेशीचा माल येतो, नवं प्लास्टिक कधी जुन्याहून स्वस्त पडतं, आणि तसं झालं की खोट्या कागदाचा मोह वाढतो. इंग्लंडमध्ये बाटलीवर अनामत रक्कमही अजून लागू नाही. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट असतात, रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत मिळतात. त्यामुळे तिथे बाटली कचऱ्यात मिसळतच नाही आणि पुढचा हिशेब पहिल्या पायरीपासून स्वच्छ राहतो. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर परताव्याची किंमत छापायची तरतूद केली होती. ती रुजली असती तर आज आपण इथल्या लोकांना शिकवत असतो. त्याच वर्षी नारेगावच्या कचरा डेपोवरून संभाजीनगर पेटलं होतं आणि मिसळलेल्या कचऱ्याची किंमत आपण रस्त्यावर मोजली होती.

भारतात कायदा नाही असंही नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कडक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्चक्रित माल असं चढतं लक्ष्य ठरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध सूचना काढल्या. दावा मालाच्या कोणत्या भागाबद्दल आहे ते सांगा आणि त्याचा पुरावा द्या, असं त्या स्पष्ट म्हणतात. भावाच्या लेबलवर 'बाटली' होतं. त्यात झाकण धरलं की नाही, वरचं लेबल धरलं की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण लक्ष्य चढतं आणि तपासणी मागे राहते तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत चार पुनर्चक्रण कंपन्यांनी काढलेली, प्लास्टिक पुनर्चक्रित केल्याची सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली, आणि त्यांत महाराष्ट्राचंही नाव होतं. न धुतलेल्या, न वितळवलेल्या प्लास्टिकची प्रमाणपत्रं विकली गेली. याचा मला मनापासून राग येतो. कारण त्या खोट्या कागदामुळे भाव पडतो तो खऱ्या चुऱ्याचा, आणि शेवटी उन्हात गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईच्या किलोमागच्या रुपयांचा.

पुराव्याची साखळी तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. मात्र तिने फॉर्म भरून नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर रोज वजन होतंच. त्या पावतीवर तारीख, 'पेट बाटली' एवढा प्रकार आणि किलो असले तरी पुरे. गोदामात गासडी बांधताना त्या पावत्यांची बेरीज गासडीच्या नंबराला जोडायची. धुलाईच्या कारखान्यात गासड्या किती किलो आल्या आणि चुरा किती निघाला ते लिहायचं. दोन्हींत फरक पडणारच, कारण झाकण, लेबल, माती, पाणी सगळं वजनात येतं. ज्या वहीत आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वजन तंतोतंत सारखं असतं, ती वही मी आधी बाजूला काढते. या नोंदींचा खर्च प्रीफॉर्मच्या दरात धरला पाहिजे. तो भंगारवाल्याच्या माथी मारला तर तो माल चोरवाटेने विकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

भावाला मी पुरवठादारासाठी प्रश्न लिहून दिले. पुनर्चक्रित दाणा, म्हणजे चुरा वितळवून केलेला कच्चा माल, कोणत्या कारखान्यातून घेता, आणि त्या प्रक्रियेला एफएसएसएआयची मान्यता आहे का? तुझ्याकडे येणाऱ्या पेटीवरचा लॉट नंबर त्या दाण्याच्या लॉटपर्यंत मागे नेता येतो का? ५० टक्के हे प्रत्येक लॉटमध्ये, की वर्षभराच्या सरासरीने? आणि सगळ्यात नेमका प्रश्न म्हणजे, स्वतःच्याच मशीनवर खराब झालेले प्रीफॉर्म दळून परत घालता, तो माल या ५० टक्क्यांत धरला आहे का? पर्यावरणाच्या दाव्यांसाठीचं आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक असा घरचाच तुकडा पुनर्चक्रित धरू देत नाही. तो कुठल्याही घरातून, कुठल्याही गोणीतून आलेला नसतो. तो कचरा झालेलाच नसतो.

"ते म्हणले, इतकं कोणीच इचारत नाई," भावाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आठवड्याने उत्तर आलं. दाण्याच्या कारखान्याचं नाव मिळालं, मान्यतेची प्रत मिळाली. चौथ्या प्रश्नावर मात्र त्यांनी फोनवर कबूल केलं की घरचा दळलेला माल धरला आहे. तो वजा केला तर किती उरतात? लॉटच्या नोंदी काढून सांगतो म्हणाले.

लेबलची छपाई भावाने थांबवली आहे. हॉटेलवाला नाराज आहे, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची ऑर्डर त्याने अजून पक्की केलेली नाही. परवा भावाने मला एक फोटो पाठवला. परतूरच्या भंगारवाल्याच्या पावतीपुस्तकाचं पान होतं, निळ्या कार्बनवरचं. 'पेट बाटली, ४२ किलो', आणि शेजारी तारीख. खाली त्याचा प्रश्न: "ताई, या ४२ किलोतून चुरा किती निघंल?"

मी लिहिलं, धुतल्यावर वजन कर आणि मला कळव.