वळणावर गाडी गुदमरली म्हणजे पंपच गेला?

आमच्या रामबागेच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा फिरत आला. मजकूर थोडक्यात असा: वळणावर गाडी झटके देऊन गुदमरली की टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप गेला समजा, बदलून टाका. टाकीत पेट्रोल एका बाजूला सरकतं ही थाप आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या ट्रॅकवर गाड्या दोनशेने वळतात, तिथे कुठे सरकतं? खात्री हवी तर गॅरेजमध्ये पेट्रोलचं प्रेशर मोजा. आणि खरं मूळ पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. खाली अंगठ्यांची रांग.

माझ्या भाच्याने हेच प्रमाण मानून त्या पंपाची मोटर बदलली, म्हणून लिहायला बसलो.

आधी नॅट्रॅक्स. तो ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक, आणि त्याची वळणं तिरकी बांधलेली, बाहेरची कड उंच. त्यामुळे वेगात वळतानाही माणूस दाराकडे फेकला जात नाही, सीटमध्ये खाली दाबला जातो. टाकीतलं पेट्रोलही तसंच तळाशी दाबलं जातं. म्हणजे उदाहरण दिलंय ते नेमकं उलटं. इंदूरच्या खंडवा रोडवरच्या भेरूघाटाच्या जुन्या वळणांना असा उतार कुठला? समजा २५ मीटर त्रिज्येचं वळण ४० च्या वेगाने घेतलं, तर बाजूची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी होते. पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ २७ अंशांनी कलतो. टाकी ६० सेंटीमीटर रुंद धरली, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३० सेंटीमीटरचा फरक! पेट्रोलचा काटा पावच्या खाली असेल तर आतल्या बाजूचा तळ कोरडा पडणारच.

मग प्रत्येक गाडी का बंद पडत नाही? कारण मोटर उघड्या टाकीत नसते, एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेली असते. डब्याच्या तळाला एकाच दिशेने उघडणारी झडप असते, आणि एक बारीक जेट त्यात सतत पेट्रोल ओढून भरत राहतं. टाकीतलं पेट्रोल पलीकडे गेलं तरी वळण संपेपर्यंत डब्यातला साठा पुरतो. झडप अडकली किंवा जेट तुंबलं की हा साठाच राहत नाही. मोटर बिचारी धडधाकट असते, तिला हवा प्यावी लागते.

भाच्याच्या गाडीत हेच होतं. वर्कशॉपने नवी मोटर टाकली, बिल घेतलं. पुढच्या रविवारी चोरलला जाताना त्याचा फोन, "मामा, परत तेच. पण फक्त उजव्या वळणाला." हे 'फक्त उजव्या' ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, टाकी उघडू. उजवीकडे वळताना पेट्रोल डावीकडे जातं, आणि याच्या टाकीत डबा होता उजव्या अंगाला. मोटर कमजोर असती तर तिने डावं-उजवं पाहिलं नसतं. सरळ चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी अडखळली असती. डबा काढून धुतला, पाण्याने भरला आणि बादलीवर धरला. खालून बारीक धार लागली. झडपेच्या कडेला राळेसारखा चिकट थर बसला होता, ती मिटतच नव्हती. वर्कशॉपने डब्यातली मोटर तेवढी बदलली, डब्याच्या तळाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

गॅरेजमधल्या प्रेशरचं म्हणाल, तर त्याचं साडेतीन बार होतं, अगदी स्थिर. असणारच, गाडी सपाट फरशीवर उभी होती. रोग वळणावर येतो, तर मोजायलाही वळणावरच हवं. गेज काचेच्या बाहेर वायपरखाली घट्ट बांधायचं. पेट्रोलचा पाइप केबिनच्या आत कधीही आणायचा नाही. मोकळं मैदान, शेजारी बघायला दुसरा माणूस, काटा पावच्या खाली. सुई दोन-तीन सेकंदांनी घसरली आणि गाडी सरळ होताच वर आली, तर पेट्रोल सरकतंय. मग टाकी फुल करून त्याच वळणावर पुन्हा. दोष गायब झाला तर शंका उरत नाही. मात्र 'टाकी नेहमी फुल ठेवा' हा इलाज नव्हे. पेट्रोलच मोटरला थंड ठेवतं. कोरडी फिरून फिरून ती खरंच जाते, आणि मग मेसेजवाले म्हणतात, बघा, सांगितलं होतं ना?

इथेनॉलवर फार वेळ घालवत नाही. पाणी धरून तळाशी बसलं तर गाडी सकाळी सुरू होताना आणि आयडलिंगलाही कुरकुरेल, उजव्या वळणाची वाट बघणार नाही.

वळणात शिरताक्षणी, काही सेकंद न जाता, गाडी एकदम मेली तर वायरिंग, अर्थिंग आणि इंजिनचं फाटलेलं माउंटिंग बघा. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकलं तर काहीच बिघडलेलं नाही. ईएसपीने, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेने, इंजिनची ताकद मुद्दाम कमी केली आहे. आणि इंजिन ऑइलचा लाल दिवा वळणावर क्षणभर जरी लागला, तर पेट्रोल विसरा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, डिपस्टिक काढा. ऑइल पंपाने हवा ओढली की बेअरिंग जातं, आणि त्यापुढे मोटरचा खर्च चिल्लर वाटेल.