वजन खरं लिहा

‘स्कीइंग येतं का तुला?’ ऑफिसात चहाच्या किटलीपाशी एकाने विचारलं आणि मी ‘थोडंफार’ म्हणून मोकळा झालो.

थोडंफार हा माझा जुना आजार आहे. मला पेटी थोडीफार येते, जर्मन थोडंफार येतं, पोहणंही थोडंफार येतं (पाय टेकत असतील तर). लंडनला येऊन अकरा वर्षं झाली, पण बर्फाशी माझा खरा संबंध म्हणाल तर काला खट्टा. तरीही त्या दिवशी चहा संपेपर्यंत मी आल्प्समध्ये कुठे जावं आणि कुठे जाऊ नये यावर मतं देत होतो. संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, ‘फेब्रुवारीच्या सुट्टीत आपण वाल तोरांसला जातोय.’

‘वाल?’ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या आईचा चेहरा उजळला. ‘कडवे मिळाले तर मला पण घेऊन ये.’

ऑफिसातल्या जाणत्यांचं म्हणणं असं, की खालच्या गावांचा आता भरवसा नाही. हजार मीटरवरचं स्वस्त गाव गाठावं, तर भर फेब्रुवारीत पाऊस लागतो आणि आठवडाभर गवत बघत बसावं लागतं. म्हणून उंच जायचं. फ्रान्समधलं वाल तोरांस 2300 मीटरवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंच स्की-गाव. आपली कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी साडेसहाशे मीटर चढून आम्ही गाद्या टाकणार होतो. तिथून पुढे लिफ्टने सीम कारों शिखरापर्यंत, 3200 मीटरवर जाता येतं. एवढ्या उंचीवर झाडं उगवत नाहीत, त्यामुळे धुकं उतरलं की आभाळ कुठे संपलं आणि जमीन कुठे लागली हे पडल्यावरच कळतं म्हणे. तीन दऱ्या एकमेकींना जोडून 600 किलोमीटरच्या उतारवाटा आहेत. हे ऐकून मुलं नाचली. मला त्यातले सुरुवातीचे चाळीस मीटर पुरणार होते, पण पास मात्र सबंध 600 चा घ्यायचा असं ठरलं. बुफेला गेल्यावर आपण जे करतो तेच.

पहिलं भांडण तारखांवरून झालं. इंग्लंडच्या शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते आणि त्याच सुमारास फ्रान्सच्याही शाळांना असते. फ्रान्सने देशाचे तीन विभाग करून सुट्ट्या पुढेमागे ठेवल्यात, पण कुठला ना कुठला विभाग आपल्या आठवड्यात डोंगरावर हजर असतोच. त्यामुळे भाडं जवळजवळ दुप्पट. मी कागद-पेन घेतलं. आठवडाभर शाळा बुडवली तर इथे दर पालकामागे, दर मुलामागे 80 पौंड दंड. दोन पालक, दोन मुलं, 320. जानेवारीत जाऊन, दंड भरूनही चारशे पौंड वाचत होते. सदाशिव पेठेतल्या चार पिढ्या माझ्या पाठीशी उभ्या राहिल्यासारखं वाटलं.

‘आणि शाळेत काय सांगायचं?’ बायकोने विचारलं.

‘ताप आलाय म्हणून.’

तिने फोनवर एका मैत्रिणीच्या कुटुंबाचा फोटो काढून समोर धरला. चौघांचे गाल तांबूस-काळे, आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे पांढरे गोळे. उंचीवर ऊन प्रखर, त्यात बर्फ ते खालून परत तोंडावर फेकतो. ‘हा ताप कुठला म्हणून सांगणार आहेस?’

जानेवारी रद्द झाला.

मग घर. सुट्टीच्या दिवसांत तिथली बहुतेक घरं शनिवार ते शनिवारच मिळतात. बुधवारी या, मंगळवारी जा, असले लाड नाहीत. त्यामुळे सगळे शनिवारीच निघतात आणि सगळे शनिवारीच एका घाटात अडकतात. आम्ही घेतलेला फ्लॅट ‘चौघांसाठी, 24 चौरस मीटर’ असा होता. त्यात ‘मोंताञ’ म्हणून एक कोपरा आहे असं लिहिलं होतं. मोंताञ म्हणजे डोंगर, तेव्हा मी खिडकीतून दिसणाऱ्या शिखरांची स्वप्नं बघू लागलो. पैसे भरल्यावर फोटो मोठा करून पाहिला. दारातून आत आल्या आल्या, बोळात, बिनखिडकीच्या भिंतीला दोन मजली बाकडं ठोकलेलं. डोंगर म्हणजे वरच्या बाकड्यावर चढणं. चादरी-टॉवेल आपले, निघताना फरशी आपणच पुसायची, नाहीतर वेगळे पैसे. आई म्हणाली, ‘अगदी आपल्या जुन्या वाड्यासारखं आहे की. तिथे निदान भाडं अकरा रुपये होतं.’

जिनिव्हाला उतरून मूतिए गावावरून वर घाट लागतो, हे तिला सांगायला नको होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘गावाचं नाव चारचौघांत सांगू नकोस.’ आणि आवळासुपारी पाठवते म्हणाली.

पण आईने खरा जीव घातला तो कुकरमध्ये. ती तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. 2300 मीटरवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण 92 अंशालाच उकळतं, आणि असल्या पाण्यात तुरीची डाळ तासभर नाचली तरी शिजत नाही, हे तिने मला पुन्हा एकदा दहावीत बसवून शिकवलं. तिथल्या सावोया प्रांतात जेवण म्हणजे चीज आणि बटाटा. कधी चीज बटाट्यावर, कधी बटाटा चीजखाली. आठवडाभर त्यावर काढायचा तर निदान एका रात्री वरण-भात हवाच. म्हणून कुकर. पण आमचा कुकर अॅल्युमिनियमचा आणि इंडक्शनच्या शेगडीला अॅल्युमिनियम कळत नाही. तेव्हा मी भाषांतर करणाऱ्या अॅपच्या मदतीने घरमालकांना फ्रेंचमध्ये विचारलं, की तुमची शेगडी कुठल्या प्रकारची आहे, आम्ही शिट्टी वाजवणारं भांडं आणणार आहोत. दोन दिवसांनी उत्तर आलं, की शेगडी साधी विजेची आहे, पण इमारतीत रात्री दहानंतर वाद्यं वाजवायला परवानगी नाही.

विम्याच्या बाईंनीही फोनवर बरंच खोदून विचारलं. व्हिसासाठी 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं तेवढं पुरेल अशी माझी समजूत होती. पण स्कीइंगचा विमा वेगळा. नेमलेल्या वाटेवर पाय मोडला तरी गाडीवर घालून खाली आणण्याचं बिल येतं. ‘तुम्ही आखलेली वाट सोडून बाहेर जाणार आहात का?’ असं त्यांनी विचारलं. मी स्वतःहून जाणार नव्हतो, एवढंच मला खात्रीने सांगता येत होतं.

दरम्यान, एका शनिवारी आम्ही हेमेल हेम्पस्टेडला रंगीत तालीम करून आलो. तिथे एका प्रचंड शेडमध्ये खराखुरा बर्फ पाडून ठेवलाय. शिकवणाऱ्या पोराने विचारलं, ‘आधी केलंय कधी?’ तोंडातून सवयीने जायचं ते गेलं. त्याने मला नवशिक्यांच्या रांगेतून काढलं आणि लिफ्टला लटकवून अर्ध्या उतारावर नेऊन सोडलं. मुलं खाली ‘पिझ्झा’ करत होती, म्हणजे दोन्ही स्कींची टोकं जुळवून ब्रेक लावत होती. मी बसून आलो. पँटमध्ये बर्फ घेऊन शेवटी थांबलो तेव्हा धाकट्याने विचारलं, ‘बाबा, हे थोडं होतं की फार?’

राहता राहिला स्की भाड्याने घेण्याचा ऑनलाइन अर्ज. मला वाटलं बुटाचा नंबर टाकला की झालं. पण त्यात उंची, वय, वजन, आणि ‘तुम्ही कसे स्कीयर आहात’ असे रकाने. त्याखाली तांबड्या अक्षरांत, माहिती खरी भरा. बूट स्कीला ज्या खटक्याने अडकतो त्याची स्प्रिंग या आकड्यांवरून लावतात. पडलात की खटका सुटला पाहिजे. वजन कमी सांगितलंत तर स्की भलत्याच वेळी निघून येते. जास्त सांगितलंत किंवा स्वतःला पट्टीचे म्हणवून घेतलंत, तर स्की सुटत नाही, गुडघा सुटतो.

मी 78 लिहिलं. लग्नापासून मी 78 च आहे.

बायकोने काही न बोलता बाथरूममधला काटा आणून टेबलाखाली ठेवला. जेवण व्हायचं होतं, स्वेटर काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या. 91.

‘आता प्रकार,’ ती म्हणाली. पर्याय तीन: जपून जाणारे, मधले, धडाडीचे. माझं बोट मधल्याकडे सरकताना तिने पाहिलं आणि पहिल्यावर टिचकी मारली. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवला, स्क्रीन अर्धवट मिटली आणि स्वतःचा रकाना माझ्याकडे पाठ करून भरला. काट्यावर ती आधीच, मी ऑफिसात असताना, उभी राहून आली होती.

दहा मिनिटांनी बुकिंग पक्कं झाल्याची ईमेल आली. खातं माझं, त्यामुळे ईमेलही माझ्याचकडे. चौघांची नावं, उंची, वय आणि वजनं, ओळीने.

‘आली का रे ती ईमेल?’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘वाचलीस?’

‘थोडीफार,’ मी म्हणालो.