थंड ताटली आणि गरम स्वागत

अपेक्षाच जास्त ठेवल्या की महागडं हॉटेल निराश करणारच, हे महागड्या हॉटेलांवरच्या एका लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही अशाच एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. स्वागत झकास, खुर्ची ओढून दिली, मांडीवर नॅपकिनसुद्धा वेटरनेच पसरला. मग पाऊण तास काहीच नाही.

शेवटी पदार्थ आला तो कोमट. सॉसवर साय धरलेली. म्हणजे ताटली तयार होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटकळत होती, न्यायला माणूस नव्हता. त्यात ताटलीही थंडगार! गरम पदार्थाची ताटली आधी गरम करून ठेवायची, हे तिथल्या अगदी नवख्या पोऱ्यालाही शिकवतात. यात माझ्या अपेक्षांचा काय दोष?

संगीत इतकं मोठ्याने की बायकोशी खुणांनी बोलत होतो. गोंगाटात मीठ आणि गोडवा जिभेला कमी जाणवतो, असं प्रयोगांत दिसलंय. तेव्हा अळणी लागलं त्यात थोडा वाटा त्या स्पीकरचाही असेल, आचाऱ्याला सगळं कशाला बोला.

हॉटेलांना दर्जा देणाऱ्या मिशेलिन गाइडचे तारे ताटलीतल्या पदार्थासाठीच देतात, झुंबरांसाठी नाही. इथे नेमकं उलटं.

मॅनेजरला शांतपणे सांगितलं. त्याने बिलातून तो पदार्थ काढला नाही, पण एक गोड पदार्थ 'आमच्याकडून' पाठवला. खरं सांगतो, अख्ख्या जेवणात तेवढाच बरा होता.