बल्ब चांगला आहे, सांगण्यात आम्ही कमी पडलो

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऊब द्यायचा ७५ वॅटचा बल्ब बोगस निघाला, पंधरा दिवसांत बिअर्डेड ड्रॅगनने, म्हणजे तुमच्या पाळीव सरड्याने, खाणं सोडलं, डॉक्टर म्हणाले ऊब कमी पडतेय आणि दुकानात फोन केला तर ‘बल्ब पेटतोय ना?’ एवढंच विचारून ठेवून दिला. फोनवरचं ते बोलणं चुकलंच. मी त्या दिवशी काउंटरवर नव्हतो, पण दुकान माझं आहे, तेव्हा माफीही मीच मागतो.

आता बल्बचं. शनिवारी तुमचे मिस्टर तो घेऊन आले, त्यांच्यासमोरच लावला. वीस सेंटीमीटर खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि अर्ध्या तासाने टेम्परेचर गन धरली. ४१ अंश. मग त्यांनी मोबाइलवर सरड्याच्या काचेच्या टँकचा फोटो दाखवला तेव्हा घोळ लक्षात आला. बल्ब जाळीच्या वर, बसायचा ओंडका पार तळाला, मधे चांगलं दीड फूट अंतर. आणि काटेवाला थर्मामीटर काचेला, वर बल्बच्या शेजारी चिकटवलेला! त्यावरचे ३५ खोटे नव्हते, पण ते काचेचे होते. ओंडक्यावर, जिथे तो पोट टेकून बसतो, तिथे गारच होतं. थंडीत निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तिथे कधी उभं राहून बघा. चार पावलं मागे सरकलात की हुडहुडी भरते.

ह्या जनावराला स्वतःच्या अंगची ऊब नसते, खाल्लेलं पचवायचं तर ती बाहेरून घ्यावी लागते. बसायच्या जागी ३८ ते ४२ अंश हवेत आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला २५-२७, म्हणजे तापलं की तो आपणहून तिकडे सरकतो. ऊब नसली की अन्न पोटात तसंच पडून राहतं, म्हणून तोंड फिरवतो. तेव्हा जागा तापेपर्यंत त्याला बळेच भरवू नका.

थंडी आहे म्हणून बल्ब रात्रभर चालू ठेवता, असंही लिहिलंय. तो रात्री बंद करा. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला, तिथल्या रात्री गारच असतात. घरात १८ पर्यंत उतरलं तरी त्याचं काही बिघडत नाही, अंधार मात्र हवाच. त्याहून खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटशिवाय नाही, कारण तो भयंकर तापतो. लाल बल्ब कुणी सुचवला तर ऐकू नका.

आमची चूक इथे आहे: काटेवाला थर्मामीटर आमच्याच दुकानातल्या मुलाने ‘हा पुरतो’ म्हणून दिला. नाही पुरत. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल द्यायला हवा होता, म्हणजे प्रोब थेट ओंडक्यावर ठेवता येतो. काटेवाले मी काउंटरवरून काढलेत.

स्टार कासव मागितलं तर ‘उद्धटपणे’ नाही म्हटलं, ही तुमची दुसरी तक्रार. उद्धटपणाबद्दल सॉरी. उत्तर मात्र तेच राहील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे, कुठे मिळालं तरी घेऊ नका.

प्रोबवाला थर्मामीटर तुमच्यासाठी काढून ठेवलाय, पैसे नकोत. तोवर आजच ओंडक्याखाली विटा रचून तो वर घ्या, विटा डगमगत नाहीत ना तेवढं हाताने दाबून बघा. डॉक्टरांची औषधं चालू असतील तर ती त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि येताना सोमवार टाळा, दुकान बंद असतं.