अर्ध्या बाटलीत किती हवा मावते?

‘वाइन जेवढी जुनी तेवढी भारी. बाटली उघडली तरी बिघडत नाही, शेवटी दारूच ती. उलट हवा लागून मुरते. रंग तांबूस झाला की पक्की झाली समजा. आंबट लागली तर चमचाभर साखर घाला.’ हा मजकूर बेळगाव-खानापूर-निपाणीकडे फोनाफोनांतून फिरतोय. गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेने आणलेली बाटली अर्धी पिऊन कपाटात ठेवणाऱ्याला तो लगेच पटतो. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकी सगळं चूक.

‘दारूच ती, बिघडत नाही’

व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के, वाइनमध्ये साधारण १२ ते १४. एवढ्यात व्हिनेगर करणारे जिवाणू मजेत जगतात, फक्त त्यांना हवा लागते. आणि जिवाणू नसले तरी वाइन सुटत नाही. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेली फिनॉल द्रव्यं वाइनमधल्या लोह-तांब्याच्या अंशांच्या मदतीने ऑक्सिजनशी जुळतात. त्यांची क्विनोन होतात आणि पुढे त्यांतूनच तपकिरी रंग येतो. याच वेळी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते अल्कोहोलचंच असिटाल्डिहाइड करतं. म्हणजे जिच्या भरवशावर बाटली कपाटात ठेवली, ती दारूच आधी बदलते. असिटाल्डिहाइडचा वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा किंवा जुन्या अक्रोडासारखा येतो. चवीला फळ उरत नाही, घोट सपाट लागतो आणि मागे कडवटपणा राहतो.

‘हवा लागून मुरते’

अर्धं खरं ते हेच, म्हणून इथे नीट हिशेब करू. बंद बाटलीत वाइन मुरते तेव्हा चांगल्या बुचातून वर्षाला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन आत जातो. आता ७५० मिलीची बाटली अर्धी रिकामी करा. वरच्या ३७५ मिली जागेत हवा भरते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ७९ मिली. वजनात जवळपास १०० मिलिग्रॅम. बुचाने शंभर वर्षांत दिला असता तेवढा ऑक्सिजन एका संध्याकाळी वाइनच्या डोक्यावर येऊन बसतो. तो सगळा एकदम विरघळत नाही, पण वाइनने घेतला की वरून पुन्हा उतरतच राहतो.

वाइनकडे ढाल असते ती सल्फर डायऑक्साइडची. अथणीकडच्या बेदाणेवाल्यांना हे सांगायला नको. गंधकाची धुरी दिली की बेदाणा पिवळा-हिरवा राहतो, नाही दिली तर तपकिरी पडतो. वाइनमध्ये राखणदार तोच, पण लिटरला ३० मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे अजून कशाशी न जुळलेला, असेल तर अर्ध्या बाटलीत तो जेमतेम ११ मिलिग्रॅम भरतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन आवरायला साधारण चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खर्ची पडतो. समोर १०० मिलिग्रॅम ऑक्सिजन असताना ही ढाल तीन मिलिग्रॅमच्या आसपास अडवून संपते.

कोवळी, तुरट रेड वाइन पिण्याआधी अर्धा-एक तास मोकळ्या भांड्यात ओतून ठेवतात, ते बरोबरच आहे. कोंडलेला गंधकी वास उडतो, फळाचा वास वर येतो. पण तासाभराचं ते काम आठवडाभर चालवलं की उडायला नको तेही उडून जातं.

‘तांबूस झाली की पक्की’

व्हाइट वाइन ऑक्सिजनने गडद होते: गवती पिवळी, मग सोनेरी, मग चहासारखी. रेडचं उलट, ती फिकी पडत जाते. जांभळट छटा जाऊन विटकरी येते आणि ती आधी कडेला दिसते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कड बघा. पंधरा वर्षं बंद राहिलेल्या चांगल्या रेडची विटकरी कड हे वय आहे. चार दिवसांपूर्वी उघडलेल्या बाटलीची तीच कड म्हणजे बिघाड. निकाल रंगावर देऊ नका, नाकावर द्या. शेरी आणि मदेरा या परदेशी वाइनमध्ये हा अक्रोडी वास मुद्दाम आणतात आणि अल्कोहोल वाढवून तो सांभाळतात. आपल्याकडच्या साध्या बाटलीत तो दोषच.

जुनेपणाचंही तेच. रोजच्या पिण्यासाठी केलेली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली बाटली तर न उघडताच म्हातारी होते, कारण दर दहा अंशांनी या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

‘साखर घाला’

साखर जिभेला फसवते, व्हिनेगरचं असिटिक आम्ल जागेवरच राहतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर तो इथाइल असिटेटचा. त्यावर घरात इलाज नाही. कुणी खायचा सोडा सुचवतं, तेही करू नका. आम्ल मरतं, पण रेड निळसर-करडी होते आणि खारट लागते.

उरलेली वाइन टिकवायची असेल तर ठरवायची वेळ बाटली उघडताना असते, रात्री जेवण झाल्यावर नाही. अर्धीच प्यायची असेल तर उघडल्या-उघडल्या उरलेली ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत धार न उडवता ओता आणि गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा. ती नसेल तर १८० मिलीच्या दोन क्वार्टर बाटल्या चालतात. आधी गरम पाण्याने विसळून पूर्ण निथळू द्या, रमचा वास राहिला तर तो वाइनला लागतो. मग फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. आडवी ठेवली तर हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. प्यायच्या आधी रेड अर्धा तास बाहेर काढा. अशी गळ्यापर्यंत भरलेली बाटली आठवडाभर सहज चांगली राहते. अर्धवट भरलेली फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस, आणि उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली दुसऱ्याच दिवशी उतरलेली लागते.