सुलतान होऊ पाहणाऱ्यांस चार शब्द

राज्य करायची तुमची हौस तुमच्या चालण्यावरूनच कळते. तेव्हा जन्म जरा बघून घ्या. चौदाव्या शतकाची शेवटची पंचवीस-तीस वर्षं या धंद्याला उत्तम.

उमेदवारी दिल्लीत करा, फिरोजशाह तुघलकाच्या हाताखाली. गृहस्थ १३५१ ते १३८८ गादीवर टिकले, म्हणजे त्यांना काहीतरी कळत असणारच. त्यांचा पहिला धडा: दुसऱ्याचं काम उचला. अक्षरशः उचला. दिल्लीच्या उत्तरेला टोपरा गावी अशोकाचा दगडी स्तंभ उभा होता. महाराजांना तो आवडला. पडताना तडकू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाचा ढीग रचला आणि थोडाथोडा कापूस काढत स्तंभ अलगद आडवा केला. मग बोरू आणि कातड्यात गुंडाळून तो बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला. एकेका चाकाच्या दोराला दोनदोनशे माणसं. पुढे यमुनेतून होड्यांवर दिल्ली.

वर कोरलेलं मात्र कोणाला वाचता येईना. घाबरू नका, अशा वेळी माणसं भेटतात. काहींनी मजकूर ‘लावला’: पुढे फिरोज नावाचा सुलतान होईल, तोवर हा खांब कोणाला हलणार नाही! असे विद्वान पदरी ठेवा, पगाराला मागेपुढे पाहू नका. पुढे १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ती लिपी सोडवली, तेव्हा कळलं की अशोक बापडा वाटेवर वड लावल्याचं आणि अमुक जनावरं मारू नका असं सांगत होता. पण तोवर साडेचारशे वर्षं सरली होती. तुम्हाला तेवढी पुरतील.

दुसरा धडा प्रशासनाचा. एक शिपाई दुसऱ्यापाशी रडत होता की घोडा हजेरीत पास करून घ्यायचा तर कारकुनाला सोन्याचा एक टंका द्यावा लागतो आणि खिशात दमडी नाही. हे सुलतानाच्या कानी गेलं. तुम्ही असता तर? कारकुनाला उलटा टांगला असता. इथेच तुमचं चुकतं. फिरोजशाहांनी शिपायाला एक टंका दिला. तो कारकुनाच्या हातावर पडला, घोडा पास झाला, शिपाई आभार मानायला आला. खुद्द राजाच लाच भरतो, याहून प्रजावत्सल राज्य कुठलं? हे त्यांच्या इतिहासकाराने, शम्स-ए-सिराज अफीफने, कौतुकाने लिहून ठेवलंय.

वारस कोण, याचा विचार करत बसू नका. तुमच्यामागे लोक बघून घेतील. फिरोजशाह गेल्यावर सहा-सात वर्षांत दिल्लीला दोन सुलतान झाले: जुन्या दिल्लीत महमूद, आणि तो खांब जिथे उभा केला त्या फिरोजाबादेत, म्हणजे फिरोजशाहांनी दिल्लीतच वसवलेल्या भागात, नुसरतशाह. एका शहराला दोन गाद्या! हसू नका, १३७८ पासून ख्रिस्ती जगालाही दोन पोप होते, एक रोमला आणि एक फ्रान्सकडच्या आव्हिन्यॉंला. आपला दौलताबाद ज्यांच्याकडे होता त्या बहमनींनी तर १३९७ या एकाच सालात चार सुलतान पाहिले.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या कटकटी कशाला? त्यापेक्षा जावई व्हा.

मध्य आशियातल्या तैमूरकडे बघा. १३७० मध्ये त्याने आपलाच मेहुणा हुसेन याचा काटा निघू दिला आणि त्याची विधवा सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न लावलं. ती चंगेजखानाच्या वंशातली. तैमूर त्या रक्ताचा नव्हता, म्हणजे खान होता येईना. मग तो झाला ‘गुरगान’, म्हणजे जावई! गादीवर चंगेजवंशी बाहुला बसवला, नाण्यांवर नाव बाहुल्याचं, आणि नाणी आपल्या खजिन्यात. जावयाला दहावा ग्रह म्हणणारे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते. हा ग्रह डिसेंबर १३९८ मध्ये दिल्लीच्या राशीला आला. लढाईआधी त्याने हजारो कैदी कापले, मग शहर लुटलं. महमूद तोवर गुजरातच्या वाटेला लागला होता. या सासुरवाडीत आहेर परत मागायला कोणी उरलं नाही.

राजा होणं झेपत नसेल, तर निदान विद्वान व्हा. १४०१ च्या सुरुवातीला तैमूरचा वेढा पडला तेव्हा इजिप्तच्या सुलतानाच्या पदरी असलेला इतिहासकार इब्न खल्दून दमास्कसमध्ये अडकला होता. म्हातारा तटावरून दोराने खाली उतरला आणि म्हणाला, तुम्हाला भेटायची तीस-चाळीस वर्षांची आस होती. भेट म्हणून कुराण, जानमाज (नमाजाचं आसन), कविता आणि इजिप्तच्या मिठाईचे चार डबे. तैमूरने त्याच्याकडून मगरिबची, म्हणजे वायव्य आफ्रिकेची, साद्यंत माहिती लिहून घेतली. निघताना विचारलं, तुझं खेचर विकतोस का? हा म्हणाला, आपल्याला विकायचं कसलं, घ्या.

दमास्कस जळालं. खेचराचे पैसे मात्र पुढे इजिप्तला पोचते झाले. घेण्याआधी इब्न खल्दूनने आपल्या सुलतानाची रीतसर परवानगी काढली. काझीपण केलेला माणूस.