परदेशी जायचंय? आधी परत येऊन दाखवा

तर तुमचं ठरलं म्हणायचं. लेक न्यू जर्सीत आहे, किंवा पुतण्या म्युनिकला, किंवा भिशीतल्या चार घरांनी मिळून दहा दिवसांत सात देश उरकायचं काढलंय. छान. आता पहिलं काम म्हणजे आपण फिरायला चाललोय हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. व्हिसा देणाऱ्याच्या लेखी फिरायला कुणीच जात नसतं. जो तो तिकडं कायमचं ठाण मांडायलाच निघालेला असतो, आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी ज्याची त्याची. ही पदरची गोष्ट सांगत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१४-बी नावाचं कलमच आहे. काचेपलीकडच्या साहेबाची खात्री पटेपर्यंत अर्जदार स्थायिक व्हायलाच येतोय असं धरून चालायचं, असं ते कलम सांगतं. आपल्याकडं चोरालासुद्धा गुन्हा शाबित होईपर्यंत निर्दोष धरतात. पण चोर कुठं पर्यटक व्हिसा मागतो?

म्हणजे तुम्हाला सिद्ध करायचंय एवढंच, की तुम्ही कवठेमहांकाळला परत येणार.

घरी हे सांगितलंत तर लोक पोट धरून हसतील. तुम्ही पुण्याला लग्नाला गेलात तरी पंगतीतून उठून, ‘आज रात्रपाळीची लाईट हाय, मोटर चालू करायचीय’ म्हणत पाचची एसटी धरता. कारखान्याची तोड कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून सख्ख्या साडूच्या वास्तुशांतीला तुम्ही अर्धाच दिवस होता, आणि ते साडू अजून काढतात. म्हैस दुसऱ्याच्या हाताला धार देत नाही. असा माणूस शिकागोत लपून राहील आणि तिथल्या मोटेलात चादरी बदलत म्हातारा होईल, ही कल्पना फक्त ज्यानं म्हैस पाळली नाही त्यालाच सुचू शकते. पण यातलं एक अक्षर अर्जात लिहू नका. म्हशीला रकाना नाही.

साहेबाला हवं असतं बँक स्टेटमेंट, गेल्या काही महिन्यांचं. आयकराचं विवरण हवं असतं. नोकरी असली तर रजा मंजूर केल्याचं पत्र. इथं तुमची पंचाईत अशी, की तुम्ही द्राक्षवाले. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरण जन्मात भरलेलं नाही. रजा द्यायची तर तुमची तुम्हीच, आणि तीही तुम्ही कधी मंजूर केलेली नाही. पैसे येतात ते बेदाण्याचा सौदा झाला की. त्यातले निम्मे सोसायटी जागच्या जागी कापून घेते, उरलेले औषधाच्या दुकानाची गेल्या वर्षीची उधारी खाते. बाकीचं वर्षभर खात्यात जे असतं त्याला शिल्लक म्हणायचं ते केवळ बँकेचा मान राखायला. खरा पैसा पतसंस्थेत. आणि पतसंस्थेचं पासबुक वकिलातीत दाखवायचं म्हणजे तिथल्या चेअरमनची ख्याती ॲटलांटिकपल्याड न्यायची. ते नकोच.

जमीन? आहे की. हायवेला लागून असली तर तिचा भाव ऐकून साहेबच राजीनामा देऊन इकडं येईल. पण सातबारा मराठीत, म्हणजे आधी त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. त्यावर नाव अजून आजोबांचं, कारण वारसनोंदीला चुलत्यांनी हरकत घेतलीय. तुमचं नाव जिथं आहे तिथं ते ‘बाळू ऊर्फ’ असं आहे, आणि पासपोर्टावरच्या माणसाला ऊर्फ नाही. मग बाळू आणि तुम्ही हे दोघं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा दिसेल. व्यवहारात विचाराल तर बोजा हाच परतीचा सगळ्यात भक्कम पुरावा. ज्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे तो गाव सोडून जाऊच शकत नाही, सचिव त्याला स्वप्नातसुद्धा गाठतो. कर्ज बुडवून परदेशी गेले आणि आलेच नाहीत अशी माणसं देशात आहेत, नाही असं नाही. पण ते फार मोठ्या बँकांचे कर्जदार. त्यांचे कागद चोख होते.

तेव्हा शहाणे असाल तर कागदावरचा एक वेगळा माणूस तयार करा. त्याला दरमहा एक तारखेला पैसे मिळतात, तो कधी उधारी करत नाही, त्याची कुठंही भावकी नाही. मेव्हण्याकडून पाच लाख आणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात टाकायचा मोह आवरा. ही युक्ती साहेबाला पाठ आहे. तुमच्याच घरातल्या, पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या, गाडीचे हप्ते फेडणाऱ्या पोराला व्हिसा मिळेल, कारण त्याच्याकडं पगाराच्या पावत्या आहेत. आठ एकरांचा धनी असलेल्या बापाला मिळेलच असं नाही. ज्याला उद्या बंगळुरात जास्त पगार मिळाला तर पुणंसुद्धा सोडायचंय, तो परत येणार असं कागद म्हणतो.

गंमत अशी, की तुमच्या बागेतली द्राक्षं तुमच्याआधी युरोपात पोहोचलेली असतात. कागद त्यांनाही सुटत नाहीत. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी खात्याच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी, औषधाचे अंश किती उरले याचा म्हणजे रेसिड्यूचा अहवाल, मालाला रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या संजीवकाच्या अंशापायी युरोपात आपला माल अडकला, तेव्हा द्राक्षपट्ट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण रॉटरडॅमच्या बंदरात घडाला अजून कुणी विचारलेलं नाही, की बाबा रे, तू तासगावला परत जाणार ना?

आता जन्मतारीख. तुमची १ जून. मंडळींची १ जून. बरोबर येणाऱ्या भिशीवाल्यांतल्या निम्म्यांची १ जून, फक्त सालं वेगळी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला जून महिन्यात जन्माला घातलं, आणि एका पिढीच्या आयांनी ते मान्य केलं, कारण त्यांना आठवत होतं ते एवढंच की पोरगं पटकीच्या साथीत झालं. हे साहेबाला समजावत बसू नका. विचारलंच तर म्हणा, आमच्याकडं वाढदिवस सामुदायिक असतो, खर्च वाचतो, सगळे मिळून केक कापतो. केक कशानं कापता ते मात्र सांगू नका.

ही सूचना गमतीची वाटली तर अमेरिकेचा डीएस-१६० अर्ज उघडा. गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कुठकुठल्या नावानं वावरलात ते त्यात लिहावं लागतं. म्हणजे तुमचं ‘भावी सरपंच’ हे फेसबुक खातं आलं. त्यावर तलवारीनं केक कापतानाचा फोटो आला, आणि खाली ‘वाघ’, ‘नाद करायचा न्हाय’, ‘एकच साहेब’ अशा दोनशे प्रतिक्रिया आल्या. याच अर्जात पुढं विचारतात: आपण दहशतवादी आहात काय? हेरगिरी करायचा विचार आहे काय? वंशसंहारात कधी भाग घेतलाय काय? अण्णा, सगळीकडं ‘नाही’ लिहायचं. विचार करत बसू नका. आपली माणसं प्रामाणिक, त्यांना मध्येच दूध संघाची निवडणूक आठवते आणि हात थबकतो. तेवढ्यात पानाची मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून.

(हसताना जरा बेतानं. आपल्या भारत सरकारचा ई-व्हिसाचा अर्जसुद्धा परदेशी पाहुण्याला तुझे आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, असं विचारतो. कुणाच्या खानदानात डोकावायला आपणही मागं नाही.)

युरोपचं त्या मानानं सरळ आहे. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एवढंसं गाव. तिथं १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी नदीतल्या बोटीवर बसून करार केला, की आपल्या आपल्यातल्या सीमेवरची तपासणी बंद करायची. आज त्यात २९ देश आहेत. आतली सगळी दारं काढली म्हणून बाहेरचं दार जाड केलं, एवढंच. अर्ज कुणाकडं करायचा? जिथं मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडं, मुक्काम सारखेच असतील तर जिथं आधी पाऊल टाकाल त्याच्याकडं. हा झाला नियम. एजंटचा नियम वेगळा: ज्या देशाची अपॉइंटमेंट मोकळी दिसेल तो देश लहानपणापासून तुमचा आवडता. स्वित्झर्लंडच्या बर्फासाठी पैसे साठवलेल्या माणसाला मग अचानक लिथुएनियाबद्दल कमालीची ओढ वाटू लागते. फी ९० युरो, व्हिसा मिळो न मिळो, परत नाही. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अमेरिकेला दोन बाय दोन इंच, चष्मा काढून. लग्नाच्या बायोडेटातला फोटो दोन्हीकडं चालत नाही.

आणि विमा. किमान ३०,००० युरोचा, म्हणजे तीस लाखांच्या आसपास. यात एक कलम नीट वाचा: मृत्यू आला तर पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्चही त्यात धरलेला असावा लागतो. एवढ्या सगळ्या कागदांच्या चळतीत तुम्ही नक्की परत येणार असं ठामपणे सांगणारा हा एकच कागद. गावातल्या घराचा उतारा, बायको-मुलांची नावं, कव्हर लेटरमधल्या शपथा, यातल्या कशावर विश्वास नाही. पण मेलात तर परत येणार, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

मुलाखतीची तारीख लांबची मिळाली म्हणून कुरकुर करू नका. आपल्या भागाला त्याची सवय आहे. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, तेव्हा दाद मागायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तेव्हा व्हिसा नव्हता, बायोमेट्रिक नव्हतं, हॉटेलचं बुकिंग कुणी मागितलं नाही. माणूस सरळ आत. अर्ज मात्र तेरा-चौदा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर. तेवढ्यात १८४७ साली महाराज काशीत वारले, १८४८ साली डलहौसीनं साताऱ्याचं राज्यच खालसा केलं, आणि रंगो बापूजी लंडनमध्ये अर्जाची आठवण करून देत राहिले. तेव्हा तुम्हाला आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली असेल तर साताऱ्यातल्या चार भिंती या स्मारकावर जाऊन एकदा नमस्कार करून या आणि गप बसा.

मुलाखतीला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा, म्हणजे रात्रभर झोप न होता सकाळी चेहरा आपोआप संशयास्पद दिसेल. मुंबईत मराठीत बोलायची सोय असते, तिचा गैरफायदा घेऊ नका. ‘किती दिवस राहणार?’ याला आपल्याकडं उत्तर आहे, ‘बघू, पोरगी सोडंल तवा.’ ते देऊ नका. ‘कशाला जाताय?’ याला ‘लेकीचं बाळंतपण हाय, मंडळींशिवाय कोण करणार’ हे खरं उत्तर. पण खरं बोललं तर तिथं आईला पोर सांभाळायच्या नोकरीवर आलेली बाई ठरवतात, असं सगळे एजंट एकमुखानं सांगतात. त्यांच्या मते नायगारा म्हणायचं. आयुष्यात ठोसेघरचा धबधबा बघायला वेळ न मिळालेल्या बाईनं नायगारासाठी जीव टाकतेय असं सांगायचं, आणि समोरच्यानं ते मानायचं. बोटं सात वेळा पुसली तरी मशीनवर ठसे उमटणार नाहीत. हळद शिजवून, भांडी घासून त्या रेषा कधीच गेल्यात. तिथल्या माणसाला वाटेल, यंत्र बिघडलंय.

व्हिसा मिळालाच, तर बॅगेचं बघा. कंदी पेढे युरोपात चालत नाहीत. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला तिकडं बंदी आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते कार्डावर लिहून जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर माल काढून घेतात. भडंगाला हरकत नसावी. पण सुकटीची पुडी पेपरात गुंडाळून साडीच्या घडीत ठेवू नका, तिथली कुत्री आपल्या बोक्यापेक्षा हुशार असतात.

आणि नाही मिळाला तर? शेंगेनवाले एक छापील कागद देतात, त्यात नाकारण्याची कारणं आधीच छापलेली असतात, तुमच्या कारणापुढं खूण. तुम्ही मुदतीत परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे, असंही त्यात एक आहे. अपील करता येतं. अमेरिकेच्या २१४-बीवर अपील नाही, पुन्हा फी भरून पुन्हा रांगेत उभं राहता येतं. गावात मात्र ‘नाकारला’ म्हणू नका. ‘तिकडं सध्या फार थंडी हाय’ म्हणा. मे महिना असला तरी म्हणा, कोण बघायला जातंय.

तोवर हौस भागवायला नेपाळ आहे. भारतीयाला तिथं व्हिसाच लागत नाही. फक्त आधार कार्डावर जाऊ नका. म्हातारी माणसं आणि लहान पोरं सोडली तर ते चालत नाही. पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. आणि ते कार्ड कपाटातून आजच काढून बघा. नाव तुमचं असेल, पण वय एकशे चौदा आहे का आणि फोटो शेजारच्या काकूंचा आहे का, एवढं तपासा.